आवाज न करता तुटणारे भाग

सकाळी साडेसहा

जूनचा शेवटचा आठवडा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि त्या उघडल्या की रिठदमधलं माझं सायकलचं दुकान रिकामं राहत नाही. उन्हाळाभर पत्र्याखाली नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली एकाच आठवड्यात बाहेर येतात. नेमकी त्याच दिवसांत पेरणी असते. बाप बियाण्याच्या आणि खताच्या मागे, पोरीची शाळा आजपासून, आणि सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नाही.

हवा भरणं हे दुकानातलं सगळ्यात स्वस्त काम. मी ते कधी पोराच्या हातात देत नाही, कारण पंप मारता मारता सायकल पाहून होते. पुढच्या चाकाचे दोन्ही नट घट्ट आहेत का, ब्रेकची रबरं किती उरली, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मुळाशी रंगाला चीर गेली आहे का. एवढं पाहायला एका टायरची हवा पुरते.

आज पहिल्या तासाला आलेलं बहुतेक काम वॉल-ट्यूबचं. साध्या सायकलच्या वॉलमध्ये बारीक रबरी नळी असते. वैशाखाच्या उन्हात ती वाळते, चिकटते, चिरते. लोक पंक्चर समजून येतात, मी नळी बदलतो, काम संपतं. या बिघाडाने कुणाचा हात मोडत नाही. टायर बसत जातो, सायकल जड होते, माणूस उतरतो. सायकलचे बरेचसे भाग असेच आहेत, खराब होताना आधी कळवतात. माझी काळजी उरलेल्यांची आहे. काही भाग कळवतात, पण माणूस ऐकत नाही. आणि काही भाग कळवतच नाहीत.

सकाळी सात

दूधवाला भाऊ आला तो मला दिसायच्या आधी ऐकू आला. बावीस इंची काळी सायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, आणि पायडलच्या दर फेऱ्याला एक ठोका. खट. परत खट.

"किती दिसाची हाय हे खटखट?"

"झाले असतील आठ-पंधरा दिवस. चालते ना पण."

चालतेच. कॉटर पिनचं दुखणं असंच असतं, शेवटच्या फेऱ्यापर्यंत सायकल चालते. जुन्या बांध्याच्या सायकलीत पायडलचा दांडा मधल्या अॅक्सलवर एका कॉटर पिनेने धरलेला असतो. बोटाच्या दोन पेरांएवढी ही पोलादी पिन, तिच्या एका बाजूला तिरकी सपाटी आणि टोकाला आटे. ती सपाटी अॅक्सलच्या खाचेला घट्ट चिकटली की दांडा आणि अॅक्सल एकजीव होतात. माणसाचं सगळं वजन, वर भाराचं, त्या नखभर सपाटीवर येतं. ती झिजली की दांडा अॅक्सलवर केसभर हलतो, आणि त्या हलण्याचा आवाज म्हणजे हा ठोका. चढावर माणूस सीटवरून उठून पायडलवर उभा राहतो. अशा वेळी पिन कापली गेली तर पाय एकदम खाली जातो आणि माणूस सांगाड्याच्या वरच्या नळीवर आदळून भाराखाली पडतो.

कॉटर काढायची पद्धत आहे, आणि घाईत ती कुणी पाळत नाही. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करायचा, म्हणजे हातोड्याच्या घावाने आटे मरत नाहीत. दांड्याखाली जड लोखंडी ठोकळा लावायचा. तो नसला तर घाव आत जातो, छर्रे आपल्या वाटीत खड्डे पाडतात, आणि एका पिनेपायी मधल्या अॅक्सलची आख्खी बैठक खराब होते. मग एकच दणका द्यायचा. दहा हलके ठोके दिले तर पिन निघत नाही, तिचं डोकं पसरतं.

नवी पिन डब्यातून काढून तशीच ठोकली तर ती एका कडेवर टेकते. अॅक्सलच्या खाचेवर तिची सपाटी पूर्ण बसेपर्यंत कानशीने घासावी लागते. एकदा लावून पाहायची, काढायची, चमकलेला भाग पाहायचा, तेवढाच घासायचा, परत लावायची. भाऊ घड्याळ पाहत होता. मी त्याला सांगितलं, दूध दहा मिनिटांत नासत नाही. सपाटी बसली की पिन हातोड्याने आत बसवायची, नट फक्त तिला धरून ठेवायला असतो. नटाने पिन ओढून बसवणारे मिस्त्री आटे तोडतात. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्या लागतात, नाहीतर दोन्ही दांडे एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना माणूस लंगडतो.

त्याला संध्याकाळी परत यायला सांगितलं. नवी पिन दिवसभराच्या भाराने थोडी आणखी बसते, तेव्हा एक दणका आणि नटाचा पाव फेरा द्यावाच लागतो. माणूस तो द्यायला आला नाही तर दांड्याचं भोक लांबट होतं, आणि एकदा भोक लांबलं की त्यात कुठलीच पिन टिकत नाही. मग दांडाच बदला.

जुनी सायकल जुनी झाली म्हणून धोक्याची होते असं मला वाटत नाही. या सायकलचा सांगाडा जाड नळीचा, पोलादी आहे, आणखी एक पिढी काढेल. धोका आहे तो तिला आज मिळणाऱ्या सुट्या भागांचा. हल्ली हातात येणाऱ्या कॉटरांपैकी काही इतक्या मऊ असतात की कानशीचा दात लोण्यात गेल्यासारखा जातो. असली पिन मी बाजूला टाकतो. साहिबाबादचा अॅटलसचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आमच्या भागात किती घरांत त्या नावाच्या सायकली अजून उभ्या आहेत! कारखाना बंद झाला तरी सायकल चालते, पण तिच्या मापाचा चांगला भाग मिळेनासा झाला की ती खरी म्हातारी होते.

सकाळी साडेआठ

आता मुली. दुकानासमोर रांग, पाठीवर दप्तरं, सगळ्यांना एकदमच जायचंय.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते, आणि त्या सायकलींनी गावोगावच्या मुलींची शाळा टिकवली आहे, हे मी माझ्या दुकानातून पाहतो. आठवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी बारावीपर्यंत रोज जाते. म्हणूनच त्या सायकलीचा एकेक नट मला मोलाचा वाटतो. ती रस्त्यात पडली, पाय मोडला, तर घरचे सायकल बंद करत नाहीत, शाळा बंद करतात.

"काका, पावसात ब्रेक लागतच नाही."

रात्री सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता. तिची रिंग चकचकीत, पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेली. ओल्या क्रोमवर रबर धरत नाही. चाकाचे पहिले दोन-चार फेरे रबर नुसतं पाणी पुसतं, पकड त्यानंतर येते. तेवढ्यात सायकल चौकाच्या मध्यावर पोचलेली असते. यावर कुठल्याही पान्याने इलाज होत नाही, सवयीनेच होतो. उतार लागायच्या आधी, फाटा यायच्या आधी, ब्रेक हलका दाबून धरायचा, रिंग पुसून घ्यायची आणि मग जोर लावायचा. मी प्रत्येकीला दुकानासमोर एक फेरी मारून हे करून दाखवायला लावतो. मुली हसतात, पण करतात.

ब्रेकच्या रबरांत मात्र पान्याचं काम आहे. रबर ज्या लोखंडी घरात बसतं त्याचं एक तोंड बंद आणि एक उघडं असतं. बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला हवं. उलट बसवलं तर जोरात ब्रेक दाबताच चाक रबराला घरातून ओढून बाहेर फेकतं, आणि ब्रेक सगळ्यात जास्त लागतो नेमक्या त्याच क्षणी रिंगवर नुसतं लोखंड उरतं. आजही दोन सायकली अशा निघाल्या. बसवणाऱ्याला काही कळलं नसेल, कारण उभ्या सायकलवर हा ब्रेक एकदम छान लागतो.

दांडीच्या ब्रेकचं आणखी एक. ब्रेकचा घोडा चिमट्याच्या दोन पायांना छोट्या पट्ट्यांनी धरलेला असतो. पट्टीचा स्क्रू सैल झाला की घोडा आत सरकतो आणि रबर थेट स्पोकांत जातं. पुढचं चाक जागच्या जागी थांबतं, पण माणूस थांबत नाही. स्क्रू दोन रुपयांचा. मी तो दरवेळी पाहतो. तारेचा ब्रेक असेल तर हँडलच्या लिव्हरमध्ये तार जिथे अडकते तिथे बोट घालून पाहतो. तार तिथेच एकेक धागा करून तुटते, बाहेरून काही दिसत नाही. बोटाला धागा टोचला की तार बदलायचीच, "उद्या बदलू" म्हणायचं नाही.

आणि ओढणी. साखळीचं पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाची जाळी हे दोन भाग खडखडतात म्हणून लोक काढून टाकतात. माझ्या मते मुलींच्या सायकलवर ब्रेकनंतर सगळ्यात महत्त्वाचे भाग हेच. कव्हर वाजत असेल तर एक वायसर लागतो. ते काढलं तर ओढणी नाहीतर सलवारीचा पाय साखळीत जातो आणि सायकल माणसासकट आडवी होते. काढलेलं कव्हर परत बसवायचे मी पैसे घेत नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला कुणीतरी प्रत्येक घरात असतोच. उजवीकडचं पायडल डावीकडे जोर लावून बसवलं की दांड्याचे आटे मरतात, पायडल काही दिवस टिकतं आणि मग शाळेच्या वाटेवर गळून पडतं. पायडलांच्या टोकाला इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं, ते मी मुलींना दाखवून ठेवतो.

दहा वाजता

शाळा भरली, दुकान शांत. आता खोक्यातून आलेली नवी सायकल जोडायला घेतली. गावात सगळे तिला रेंजर म्हणतात, कुठल्याही कंपनीची असली तरी. जाड टायर, पुढे स्प्रिंग, मागे सहा-सात गेअर, एखादीला डिस्क ब्रेक. दहावीच्या पोराने वर्षभर हट्ट केलेला असतो.

नवी सायकल म्हणजे निर्धोक, असं लोक धरून चालतात. खोक्यातून निघालेली सायकल खरं तर अर्धीच जोडलेली असते, उरलेली अर्धी कोण आणि कशी जोडतो यावर सगळं. चिमटा उलटा बसवलेल्या कितीतरी नव्या सायकली मी रस्त्यावर पाहिल्या आहेत. चिमट्याची वाक मागे, चाक पायडलला लागतंय, हँडल पाण्यावर चालल्यासारखं सुटतंय, आणि पोरगं म्हणतं नवी आहे म्हणून अशी वाटते.

हँडलच्या खांबावर खाली एक आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ सांगाड्याच्या आत गेलीच पाहिजे. सीटच्या नळीवरही तशीच रेघ असते. पोर वाढतं तसं घरचे सीट आणि हँडल वर ओढतात, रेघ बाहेर दिसायला लागते, आणि मग सगळा भार चार बोटं नळीवर येतो. हँडल हातात घेऊन पडलेला मुलगा पडताना हात टेकूच शकत नाही, दोन्ही हात हँडलवरच असतात. म्हणून दात जास्त जातात.

या रेंजरच्या पुढच्या चाकाला नटांऐवजी चटकन उघडणारी मूठ आहे. मूठ फिरवून घट्ट करायची नसते, दाबून मिटायची असते. ती मिटताना तळहातावर वळ उमटला पाहिजे, इतकी घट्ट. बरेच जण तिला नटासारखी फिरवतात आणि तशीच सोडतात. मोठमोठ्या कंपन्यांनाही या मुठीने रडवलंय. 2015 मध्ये अमेरिकेच्या ट्रेक कंपनीने अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे 10 लाख सायकली तपासणीसाठी परत बोलावल्या. मूठ नीट मिटली नाही तर ती इतकी मागे उघडायची की पुढच्या डिस्कमध्ये अडकून चाक जाम व्हायचं. अशा एका अपघातात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. मी मूठ मिटली की ती चिमट्याच्या पायाला समांतर आणि डिस्कच्या विरुद्ध बाजूला येते का ते पाहतो, आणि शक्य तिथे मूठ काढून साधा नट लावतो. गावच्या सायकलला चाक झटपट काढायची गरज काय?

मागच्या गेअरवर जास्त वेळ जातो. सगळ्यात मोठ्या चकतीवर साखळी गेली की गेअरचा हात स्पोकांच्या अगदी जवळ येतो. त्याला अडवणारा एक बारीक स्क्रू असतो. स्क्रू नीट नसेल, किंवा सायकल उजव्या कुशीवर पडून हात आत वाकला असेल, तर पुढच्या चढावर साखळी आणि हात दोन्ही चाकात जातात. खरखर आधी ऐकू येते. पोरं ती गेअरची ऐट समजतात.

याहून वाईट आहे तो मागचा अॅक्सल, कारण तो झाकलेला असतो. साध्या एकचकतीच्या सायकलीत उजवीकडचे छर्रे सांगाड्याच्या जवळ बसतात. सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील आटे देऊन बसवलं की ते छर्रे तेवढे आत जातात आणि अॅक्सलचं उजवं टोक फ्रीव्हीलच्या रुंदीभर निराधार लटकतं. आधी ते वाकतं, मग मोडतं. शिमानो कंपनीने 1978 मध्ये छर्रे बाहेरच्या टोकाला आणणारा हब काढला तो याच कारणाने, पण आमच्याकडे येणाऱ्या स्वस्त गेअरच्या सायकलींत अजून जुनीच रचना असते. तिच्या कॅरिअरवर कुणी खताचं पोतं टाकलं की मला राग येतो. काळ्या सायकलने पोती ओढायची, रेंजरने शाळेत जायचं, इतकं साधं आहे हे. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला 40 स्पोक, पुढच्याला 32, आणि मागे जाड पोलादी अॅक्सल. ती ओझ्यासाठीच जन्मली आहे.

दुपारी एक

भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना मी मोबाइलवर जगातल्या सायकलींच्या बातम्या वाचतो. मुलगा म्हणतो, लाखांच्या सायकलींशी आपला काय संबंध? संबंध आहे.

शिमानोने सप्टेंबर 2023 मध्ये आपले पायडलचे दांडे तपासणीसाठी परत मागवले. 2012 ते 2019 या काळात बनलेले, फक्त अमेरिकेतच सुमारे 6 लाख 80 हजार. वजन वाचवायला अॅल्युमिनियमचे दोन पोकळ भाग गोंदाने जोडून दांडा केलेला, आणि तो जोड सुटत होता. तक्रारी साडेचार हजारांच्या वर गेल्या होत्या. 1970 च्या दशकात इंग्लंडच्या लॅम्बर्ट आणि व्हायकाउंट सायकलींना ओतीव अॅल्युमिनियमचा चिमटा असायचा, तो पोलादी नळीवर पिनेने जोडलेला. तो जोड सुटून पुढचं चाक चिमट्यासकट निघून जायचं. सायकलवाल्यांनी त्याचं नाव डेथ फोर्क ठेवलं, आणि अखेर तो परत मागवावा लागला.

आमचा दूधवाला आठ-पंधरा दिवस खटखट ऐकत फिरला आणि तरीही पडला नाही. पोलाद सोसतं. वाकतं, वाजतं, लोंबतं, आणि मग तुटतं. अॅल्युमिनियमवर दर हेलकाव्याला थोडा थकवा साचत जातो, आत बारीक चीर पडते, ती रोज वाढते, आणि एक दिवस भाग कचकन दोन तुकडे होतो. महागाचा हलका भाग वाईट, असं मी म्हणत नाही. त्याला डोळ्यांनी तपासावं लागतं, कानावर भागत नाही. आणि आता आमच्याकडे येणाऱ्या सायकलींतही अॅल्युमिनियमचे दांडे आणि हँडलचे खांब यायला लागले आहेत.

दुपारी अडीच

आबाजी सायकल हातात धरून चालत आले. बैलगाडीच्या चाकाला धडकली म्हणे. पुढचं चाक मागे सरकून खालच्या नळीला जवळजवळ टेकलंय. चिमटा वाकला.

"थो सरळ करून दे ना बापा, नवा कायले टाकतं?"

चिमटा सरळ करता येतो, मला करताही येतो. नळी घालून दोन माणसांनी रेटलं की तो दिसायला सरळ होतो. प्रश्न मुळाशी आहे, जिथे दोन पाय वरच्या नळीला मिळतात. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि चिमटा सोडवून काढला. मूळ घासून स्वच्छ केलं. बोळ्याने रॉकेल लावलं, थोडा वेळ राहू दिलं, मग कोरड्या फडक्याने चकचकीत पुसून घेतलं. वरून शाळेचा खडू कुटून त्याची पूड भुरभुरली. पोलाद धड असेल तर पूड पांढरी राहते. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत चढतं.

आबाजी चष्मा लावून वाकून पाहत होते. डाव्या पायाच्या वर, आतल्या अंगाला, केसासारखी काळपट रेघ उमटली. पाव इंच. नंतर तीच अर्धा इंच दिसली.

"हे काय हाय?"

"हे तुटलेलं हाय, आबाजी. सरळ केलं तर आणखी तुटते. वापस देईन तर तुमी चालवसान."

त्यांनी पिकाच्या भावाचा विषय काढला, पेरणीचा खर्च सांगितला, माझ्या बापाच्या काळात असं नव्हतं म्हणाले. मी चिमटा दिला नाही. चिमटा हा असा भाग आहे जो तुटला तर सावरायला काहीच उरत नाही. चेन तुटली तर माणूस उतरतो, मागचा ब्रेक गेला तर पाय टेकवतो. चिमटा तुटला तर सायकल तिथेच थांबते आणि माणूस तोंडावर जातो. पैशाचं सोयाबीन आल्यावर पाहू म्हणालो. ते चालतच घरी गेले, रागात. ठीक आहे.

चार वाजता

एक बाई सायकल ढकलत आल्या, कॅरिअरवर पाच-सहा वर्षांचं लेकरू, टाचेला फडकं बांधलेलं. चाकात पाय गेला होता. दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, आता स्पोक सरळ करायला आल्या होत्या.

सायकलच्या सगळ्या भागांत कॅरिअरवर बसणाऱ्या लेकरांना सगळ्यात जास्त जखमा करणारा भाग मागच्या चाकाचे स्पोक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. तो बिघडलेला नसतो, तुटलेला नसतो, आवाज करत नाही. कॅरिअरवरच्या पोराचे पाय लोंबतात, झोप लागते किंवा खड्ड्यात पाय झुलतो, आणि टाच फिरत्या स्पोकांत जाऊन त्यांच्या आणि मागच्या दांडीच्या मध्ये दाबली जाते. कातडी सोलून निघते, कधी हाडही जातं. टाचेची कातडी भरून यायला फार दिवस लागतात.

स्पोक मी बदलले, पण त्याआधी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवली आणि अॅक्सलला पाय ठेवायच्या दोन खुंट्या लावल्या. लेकराला खुंटीवर पाय ठेवून बसायला सांगितलं. ते आईच्या पोटाला धरून, पाय घट्ट रोवून, फार गंभीरपणे बसलं.

सहा वाजता

वावरातून परतणारे. पेरणीच्या दिवसांत हे काम एका जातीचं असतं: काळी माती. ओली काळी माती टायरला चढते, तिच्यात काडीकचरा रुतून ती घट्ट होते, आणि टायर व मडगार्डमधली जागा भरून जाते. चाक फिरेनासं होतं, माणूस जोर लावतो. मागचं चाक असेल तर काही होत नाही. पुढच्यात तुराटीचा एखादा तुकडा अडकला की मडगार्डच त्याच्याबरोबर चाकाखाली ओढला जातो, दुमडतो आणि चाक बांधतो. ज्यांना रोज वावरात जायचं त्यांचं पुढचं मडगार्ड मी पावसाळ्यापुरतं काढून ठेवतो. अंगावर चिखल उडाला तर उडाला. जे काढू देत नाहीत त्यांच्या मडगार्डच्या तारा ताठ करून, नट दाबून देतो, आणि चाक जड झालं की उतरून काडीने माती काढा, म्हणतो.

एकाने जुना डायनॅमो लावून मागितला, पुढच्या चिमट्यालाच, कारण त्याला तो तिथेच शोभतो. नाही म्हणालो. डायनॅमोची पट्टी धक्क्याने सैल होते, डायनॅमो आत फिरतो आणि अंधारात, वेगात, पुढच्या स्पोकांत पडतो. मागच्या दांडीला लावला तर तोच अपघात मागच्या चाकात होतो, आणि माणूस सीटवर राहतो. उजेड तेवढाच पडतो.

दूधवाला भाऊ आला. कॉटरवर एक दणका, नटाला पाव फेरा. खटखट नाही.

रात्री आठ

शटर अर्धं ओढून वाशीमच्या दुकानासाठी यादी केली. कॉटर पिना, नऊ आणि साडेनऊ मिलिमीटर वेगवेगळ्या पुड्यांत, आणि मऊ निघाल्या तर परत. ब्रेकची रबरं. दांडीच्या घोड्याच्या पट्ट्या, स्क्रूसकट. ब्रेकच्या तारा, पुढच्या जास्त. मागच्या चाकाच्या जाळ्या, या आठवड्यात आणखी लागतील. प्लास्टिकचे ब्रेक लिव्हर नकोत, स्वस्त असले तरी. पोर पडलं नाही तरी सायकल पडते आणि ते मधोमध तुटतात.

यादीत शेवटी बावीस इंची सायकलचा एक चिमटा लिहिला. फोनवर दुकानदार म्हणाला, जुना सरळ करून का देत नाहीस, इतके दिवस करतच होते सगळे. त्याला खडूची गोष्ट सांगितली. उद्या सकाळच्या एसटीने माल येईल, आबाजींना निरोप धाडलाय.